आधी खुर्ची, मग तालीम

नेपाळीत प्रशिक्षणाला ‘तालिम’ म्हणतात. महिला नेतृत्व तालिम, युवा नेतृत्व तालिम, लोकप्रतिनिधींची क्षमता विकास तालिम, अशा फलकांखाली त्या देशात गेल्या पंचवीस वर्षांत किती सभागृहं भरली असतील याची गणती नाही. मराठी कानाला मात्र हा शब्द वेगळा लागतो. आपली तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा. तिथे वस्ताद व्याख्यान देत बसत नाही, जोडीला माणूस देतो. आणि पुढच्या जत्रेत आपली कुस्ती लागणार आहे हे तिथल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. संघर्षातून बाहेर पडणाऱ्या देशात लोकशाही कारभारासाठी नवं नेतृत्व घडवायचं, या कामात काही वर्षं घातल्यावर माझं मत असं झालं आहे की आमच्या धंद्याने पहिल्या अर्थाची तालिम उदंड दिली आणि दुसऱ्या अर्थाची विसरून गेला. ज्याच्या हाती काही ठरवायचंच नाही त्याला नेतृत्व शिकवता येत नाही. आधी खुर्ची, मग तालीम, हा क्रम सावध माणसांना उलटा वाटतो. नेपाळने मात्र दोन्ही क्रम करून पाहिले आहेत, त्यामुळे या वादात नुसत्या तर्कावर अवलंबून राहावं लागत नाही.

माओवाद्यांचं सशस्त्र युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २००६ च्या विस्तृत शांतता कराराने संपलं. सतराएक हजार माणसं त्यात गेली; बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक अजून उत्तराची वाट पाहत आहेत. या युद्धाच्या मध्येच, १९९७ साली, स्थानिक निवडणुका झाल्या होत्या. प्रत्येक वडात (आपला ‘वॉर्ड’ तिथे ‘वडा’ झाला आहे) एक जागा स्त्रीसाठी राखीव होती आणि त्या एका तरतुदीमुळे पस्तीस हजारांहून अधिक स्त्रिया गाव विकास समित्यांत आणि नगरपालिकांत आल्या. २००२ च्या जुलैत त्यांची मुदत संपली. युद्धाचं कारण होतं, निवडणूक घेणं अवघड होतं. सरकारने मुदतही वाढवली नाही. त्यानंतर २०१७ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, नेपाळच्या कुठल्याही गावात निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता. शांतता करार २००६ चा, त्यामुळे या पंधरांतली साडेदहा वर्षं युद्ध संपल्यानंतरची आहेत, हे विसरता कामा नये. संविधान सभेची निवडणूक दोनदा झाली, राजेशाही गेली, पंतप्रधान आले-गेले. गावात मात्र कारभार पाहायला एक सचिव. युद्धाच्या काळात तोही जिल्ह्याच्या मुख्यालयी राहायचा, कारण गावात राहिलं तर जिवाला धोका.

नेमकी हीच पंधरा वर्षं नेतृत्व प्रशिक्षणाचा सुकाळ होती. देणगीदार होते, निधी होता, शांततेची भाषा होती. २००८ नंतर सरकारने परदेशी साहाय्याने मोठा स्थानिक कारभार कार्यक्रम चालवला. वडावडांतून नागरिक मंच उभे राहिले, नागरिक सचेतना केंद्रं निघाली. त्यांत दलित, जनजाती, स्त्रिया मोठ्या संख्येने बसल्या आणि सरकारी योजनेत आपला वाटा काय हे जाणून घेऊ लागल्या. ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण निर्णय कुठे होत होता? करारानंतरच्या काळात सचिवाच्या जोडीला ‘सर्वदलीय संयंत्र’ नावाची अनौपचारिक व्यवस्था आली. पक्षांचे स्थानिक पुढारी एकत्र बसून निधी वाटून घ्यायचे. याला नेपाळीत ‘भागबंडा’ असा नेमका शब्द आहे. कुणाला मत मागायचं नव्हतं, कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. तक्रारी इतक्या झाल्या की भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या सांगण्यावरून २०१२ मध्ये ती यंत्रणा मोडावी लागली. सभागृहात पारदर्शकतेचे धडे आणि सभागृहाबाहेर भागबंडा, या दोन शाळा शेजारीशेजारी चालत होत्या. दुसऱ्या शाळेत हातात पैसा होता, सही होती. खरं शिक्षण तिथे होत होतं. गावातल्या होतकरू तरुणाने त्यातून काय उचललं असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आमच्या बाजूचं एक सत्य इथेच सांगून टाकतो. अधिकार नसलेल्यांना शिकवणं प्रशिक्षकाला सोयीचं असतं. लोकशाहीची व्याख्या, सुशासनाची तत्त्वं, नेत्याचे गुण, गटचर्चा, तक्त्यावर रंगीत चिठ्ठ्या. तीन दिवस छान जातात. समोरच्याला परत जाऊन काही करायचंच नसल्यामुळे आपण शिकवलेलं चुकीचं ठरण्याची भीती नसते. शिवाय प्रवास खर्च आणि भत्ता मिळतो म्हणून तेच ते चेहरे फिरत राहतात आणि ‘तालिम घेतलेला’ ही गावात एक स्वतंत्र जात तयार होते. अहवालात शेवटी एक आकडा लिहिला जातो: इतके नेते प्रशिक्षित. त्याच काळात १९९७ ला निवडून आलेल्या, पाच वर्षं प्रत्यक्ष बैठकांत बसलेल्या त्या हजारो स्त्रिया घरी होत्या. नव्या नेतृत्वाच्या शोधात निघालेल्यांना तयार नेतृत्व मावळताना दिसलं नाही, याची खंत या व्यवसायात फारशी कुणी बोलून दाखवत नाही.

मग २०१७ आलं. २०१५ च्या संविधानाने संघराज्य आणलं होतं. तीन हजारांहून अधिक गाव विकास समित्या आणि जुन्या नगरपालिका मिळून ७५३ स्थानिक सरकारं झाली. मे, जून आणि सप्टेंबर अशा तीन टप्प्यांत मतदान होऊन पस्तीस हजारांवर प्रतिनिधी निवडून आले आणि त्यांत सुमारे ४१ टक्के स्त्रिया होत्या. प्रत्येक वडात अध्यक्ष आणि चार सदस्य. चारांतल्या दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. या एका ओळीमुळे साडेसहा हजार दलित स्त्रिया एका वर्षात लोकप्रतिनिधी झाल्या. पंधरा वर्षांच्या सगळ्या कार्यशाळांना हे जमलं नव्हतं. स्थानिक सरकारच्या प्रमुख आणि उपप्रमुख या जोडीपैकी किमान एक उमेदवार स्त्री असावी असाही नियम होता. पक्षांनी मोठी खुर्ची पुरुषाला आणि दुसरी स्त्रीला देऊन तो पाळला. ७५३ पैकी ७०० ठिकाणी उपप्रमुख स्त्री, प्रमुख मात्र फक्त १८.

दुय्यम म्हणून दिलेली ही खुर्ची कायद्याने पोकळ नव्हती, हे पक्षांच्या उशिरा लक्षात आलं असावं. संविधानाच्या २१७ व्या अनुच्छेदाने प्रत्येक स्थानिक सरकारात न्यायिक समिती ठेवली आहे आणि तिची प्रमुख उपप्रमुख असते. २०१७ च्या स्थानिक सरकार संचालन कायद्याने तेरा प्रकारच्या तंट्यांचा निवाडा या समितीकडे दिला आणि आणखी अकरा प्रकारांत समेट घडवण्याचं काम दिलं. तंटे कसले? बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, दुसऱ्याच्या गुराने पीक खाल्ल्याचे, थकलेल्या मजुरीचे, म्हाताऱ्या आईबापांना न पोसल्याचे. आपल्या वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत पाडल्याचेसुद्धा. निर्णय मान्य नसेल तर ३५ दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. शिवाय अर्थसंकल्प तर्जुमा (म्हणजे आखणी) समिती आणि कामांवर देखरेख ठेवणारी अनुगमन समितीही तिच्याचकडे. नवं नेतृत्व घडवायला याहून चांगला हौदा कुठला कार्यक्रम आखून देणार होता?

प्रशिक्षणाचा पोतच त्यामुळे पालटला. खुर्चीवर बसलेली बाई लोकशाही म्हणजे काय हे विचारत नाही. ती विचारते, वादीने तोंडी तक्रार दिली तर नोंद कोण करणार. एका बाजूचा माणूस माझ्या पक्षाचा असेल तर मी उठून जायचं का. नवऱ्याने मारल्याची तक्रार समेटात घ्यायची की पोलिसांत पाठवायची. निर्णय दिला पण प्रमुख अंमलबजावणी करत नाही, आता काय. असार (आषाढ) महिन्याच्या दहा तारखेला अर्थसंकल्प सभेत मांडायचा असतो आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी आर्थिक वर्ष लागतं; त्यामुळे तारखा डोक्यावर असतात. अशा प्रश्नांना व्याख्यांनी उत्तर देता येत नाही. प्रशिक्षकाला कायदा वाचावा लागतो, नमुना निकाल लिहून दाखवावा लागतो, आणि ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असं कबूल करावं लागतं. शिकणारा आणि शिकवणारा दोघंही घामाघूम होतात. तालीम म्हणतात ती हीच.

आता हा प्रश्न येतोच की या बायका कोऱ्या पाटीने आल्या होत्या का. नव्हत्या. त्यांच्यातल्या पुष्कळांची पाळंमुळं आमच्या प्रशिक्षणात नव्हे, दुसरीकडे सापडतात: आमा समूहात (गावातल्या आयांच्या गटात), बचतीच्या सहकारी संस्थेत, आणि सर्वांत जास्त सामुदायिक वनात. १९९३ च्या वन कायद्याने गावाच्या उपभोक्ता समूहाला जंगल सांभाळण्याचा आणि त्यातून मिळणारं उत्पन्न खर्च करण्याचा हक्क दिला. आज असे बावीस हजारांहून अधिक समूह आहेत. समूहाचं स्वतःचं विधान असतं, कार्ययोजना असते, निर्णय पुस्तिका असते, वर्षातून एकदा सगळ्यांसमोर हिशेब वाचला जातो. जळाऊ लाकडाला जंगल कधी उघडायचं, भारा कितीला, चोरून तोडणाऱ्याला दंड किती, दंड अध्यक्षाच्या चुलतभावाला झाला तर काय, हे सगळं तिथेच ठरतं. २००९ च्या मार्गदर्शिकेने कार्यसमितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि उत्पन्नातला ३५ टक्के भाग गरिबांसाठी राखायला लावला. युद्धात गाव विकास समित्यांच्या इमारती पाडल्या गेल्या, सचिव पळाले. वनसमूह मात्र बहुतेक ठिकाणी तग धरून राहिले, कारण लाकूडफाटा आणि चारा दोन्ही बाजूंना लागत होता. या समूहांतही उच्चजातीय आणि सुखवस्तू घरांचा वरचष्मा होता, हे त्यांचा अभ्यास करणारे फार आधीपासून सांगत आले आहेत आणि ते खरं आहे. पण भांडण मिटवण्याचा, पैशाचा हिशेब देण्याचा, गर्दीसमोर ‘नाही’ म्हणण्याचा सराव तिथे झाला. झाला, कारण जंगल खरं होतं.

यावर पहिला आक्षेप जबाबदार माणसांकडून येतो आणि तो हलका नाही. नुकतंच रक्त सांडलेल्या समाजात न शिकलेल्यांच्या हाती सत्ता दिली तर नुकसान कोण भरून देणार? आधी तयारी, मग अधिकार, हीच शहाणपणाची वाट नव्हे का? पुरावा म्हणून नेपाळमधल्याच दोन शब्दांकडे बोट दाखवलं जातं. एक ‘असारे विकास’: वर्षअखेरीस, भर पावसात, निधी परत जाऊ नये म्हणून घाईने ओतलेलं काँक्रीट. दुसरा ‘डोजरे विकास’: डोंगर सरळ कापत नेलेले, मोरी-नाली नसलेले रस्ते, जे पुढच्या पावसात दरडींसकट खाली येतात. दोन्ही रोग खरे आहेत. पण ते अज्ञानाचे रोग आहेत का? असारे विकास नव्या प्रतिनिधींनी आणलेला नाही, पदवीधर अधिकाऱ्यांच्या राज्यातही तो होताच. आणि बुलडोझर ज्याच्या मालकीचा किंवा भाड्याचा धंदा, तोच अध्यक्ष असेल तर त्याला रस्ते बांधणीचं शास्त्र शिकवून काय साधणार? त्याला ते माहीत असतं, फायदा कशात आहे तेही माहीत असतं. इथे उपयोग होतो तो अनुगमन समितीच्या प्रमुख असलेल्या उपप्रमुखेला मोजमाप पुस्तिका वाचता येण्याचा. देयकाच्या कागदावर सही करण्याआधी जागेवर जाण्याचा तिला कायद्याने हक्क आहे आणि तो तिला माहीत असला पाहिजे. म्हणजे प्रशिक्षण नको असं मी म्हणत नाही. अधिकार आणि अंकुश दोन्ही जागेवर असतील तेव्हाच ते रुजतं, एवढंच माझं म्हणणं आहे. राहिली तयारीची गोष्ट. तयारी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्न विचारला की ‘आधी तयारी’ म्हणणारे बहुधा सत्तेवर आधीपासून बसलेले निघतात. नेपाळमध्ये पंधरा वर्षं हेच झालं.

दुसरा आक्षेप आपल्याला महाराष्ट्रात तोंडपाठ आहे. बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा स्त्रियांना दिल्या, पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आली, २०११ पासून निम्म्या जागा झाल्या, आणि ‘सरपंचपती’ हा शब्द तेवढ्यात मराठीत कायमचा वस्तीला आला. नेपाळमध्येही असे नवरे, दीर आणि पक्षाचे दादा आहेतच. पण या आक्षेपात एक गफलत आहे. पुरुष सरपंचामागे उभा असलेला कारखान्याचा चेअरमन किंवा आमदार आपल्याला ‘सरपंचपती’ वाटत नाही. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणं हा फक्त बाईचाच दोष ठरतो. आणि महाराष्ट्रात ज्या गावांत बाई खरोखर सरपंच झाली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पहिली दोन वर्षं नवऱ्यानेच कागद वाचले होते. खुर्ची टिकली म्हणून ती शिकली. न्यायिक समितीत तर नवऱ्याला शेजारी बसवण्याची सोयच नाही. समोर वादी-प्रतिवादी असतात आणि निकालाखाली सही तिची असते. जिथे बाईच्या नावावर दुसरेच कारभार चालवू पाहतात तिथे प्रशिक्षणाचा थोडा पैसा नवऱ्यांवर, पक्षाच्या तालुका पातळीवरच्या पुढाऱ्यांवर आणि काठमांडूहून बदलून येणाऱ्या प्रमुख प्रशासकीय अधिकाऱ्यांवर खर्च व्हावा असं मला वाटतं. या शेवटच्या मंडळींच्या बदल्या इतक्या भराभर होतात की निवडून आलेली बाई त्यांना कार्यालय समजावून देते, तोवर त्यांची पुढची बदली झालेली असते. शिकवायचं कुणाला, हे ठरवताना आपण नेहमी खालच्या माणसाकडे पाहतो.

तिसरा आक्षेप आफ्रिकेतल्या बुरुंडीचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. १९९३ मध्ये तिथे निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली आणि हुतू-तुत्सी यादवी पेटली. २००० साली अरुशा करार झाला. त्यानंतर, २००३ च्या सुमारास, अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य आणि त्या प्रदेशासाठीचे माजी विशेष दूत हॉवर्ड वोल्प यांनी तिथे नेतृत्व प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम उभारला. निवडणुकीची वाट न पाहता दोन्ही समाजांतल्या माणसांना एका खोलीत बसवून वाटाघाटी, ऐकणं, एकत्र प्रश्न सोडवणं यांचा सराव करून घेतला. हा कार्यक्रम या क्षेत्रात नावाजला गेला, आणि २००५ मध्ये बुरुंडीत निवडणुका होऊन सत्तांतरही झालं. मग माझा क्रम खोटा पडतो का? त्या खोलीत कोण बसलं होतं ते पाहावं. राजकीय पक्षांचे, सैन्याचे, बंडखोर गटांचे आणि नागरी संस्थांचे पुढारी; म्हणजे ज्यांच्या एका शब्दावर माणसं उठत-बसत होती ते. त्यांच्या हाती ठरवायला भरपूर होतं, त्यांची कुस्ती चालू होती. तिथे प्रशिक्षण सत्तेच्या आधी नव्हे, सत्तेच्या मध्यात आलं. पुढे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या तिसऱ्या मुदतीवरून बुरुंडी पुन्हा पेटला आणि लाखो लोक देश सोडून गेले, त्याचं खापर मी त्या कार्यक्रमावर फोडणार नाही. वरची खुर्ची कुणी सोडायची हे संस्था ठरवतात. काही दिवसांच्या सहवासातून आलेला आपलेपणा ते ओझं पेलत नाही.

संस्थेचा नियम ढिला पडला की प्रशिक्षण कसं हवेत विरतं, ते पाहायला नेपाळची २०२२ ची निवडणूक पुरेशी आहे. जोडीपैकी एक स्त्री, हा नियम पक्षाने दोन्ही पदांना उमेदवार दिले तरच लागू होत होता. आघाड्यांनी प्रमुख एका पक्षाला, उपप्रमुख दुसऱ्याला अशी वाटणी केली. प्रत्येक पक्षाचा उमेदवार एकच, नियम गप्प. उपप्रमुखपदावरच्या स्त्रिया ९३ टक्क्यांवरून साधारण तीन चतुर्थांशांवर आल्या. प्रमुख झालेल्यांचा आकडा १८ वरून जेमतेम २५ वर गेला. पाच वर्षं निवाडे दिलेल्या, अर्थसंकल्प बसवलेल्या अनेक जणींना उमेदवारीच मिळाली नाही. त्यांची तयारी कमी पडली नव्हती, उलट जास्त झाली होती. प्रमुखपद मागू लागलेली उपप्रमुख कुठल्या पक्षाला हवी असते? १९९७ च्या स्त्रियांचं जे झालं त्याचीच ही छोटी आवृत्ती होती.

निवडून आलेल्या प्रतिनिधींविना कारभार चालवण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने नेपाळला हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचं तेच. इथे तर युद्धही नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधल्या तरुणांच्या उठावात सत्तरहून अधिक जीव गेले, सरकारचं मुख्यालय असलेला सिंहदरबार जळला, प्रतिनिधिसभा विसर्जित झाली. अनेक स्थानिक कार्यालयांचंही नुकसान झालं. पण ७५३ स्थानिक सरकारं कायद्याने जागेवर राहिली. २००२ मध्ये गावात निवडून आलेलं कुणी उरलं नव्हतं. या वेळी जन्मदाखल्याला, शिफारसपत्राला, बांधाच्या भांडणाला दार ठोठावण्याजोगं कुणीतरी होतं. त्यांच्यातले काही भागबंडा करणारे, काही बुलडोझरवाले, हे मी वर लिहिलंच आहे. तरी हा फरक मला लहान वाटत नाही.

आमच्या व्यवसायाच्या अहवालांत अजूनही प्रशिक्षितांचा आकडा मागितला जातो. त्याऐवजी तीन आकडे मागावेत असं मी सुचवत आलो आहे: न्यायिक समितीच्या किती निर्णयांवर ३५ दिवसांत अपील झालं आणि त्यांतले किती उलटले, अर्थसंकल्प असारच्या दहा तारखेला सभेत आला की नाही, आणि मागच्या पाच वर्षांतल्या वडा सदस्य स्त्रियांपैकी किती जणींना पुन्हा उमेदवारी मिळाली. पहिले दोन स्थानिक कार्यालयाच्या दप्तरात सापडायला हवेत. तिसरा पक्षांकडे मागावा लागतो, आणि तिथे उत्तराला वेळ लागतो.